पांसुकूल आणि उष्टे

(नवदीक्षित कुटुंबांसाठी धम्म-अभ्यासाचा पाठ)



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कधी विहारात वंदना संपल्यावर एखादी माउली तो विचारते, तर कधी कॉलेजात जाणारा तरुण विचारतो. प्रश्न असा की, परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला उष्टे-शिळे मागून खाणे सोडायला सांगितले, मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि आपल्या वाडवडिलांनी ते सोडले. पण धम्माचे ग्रंथ उघडावेत तर तेथे भगवान बुद्धांचे भिक्खू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून त्यांचीच चीवरे शिवून नेसत होते असे वाचायला मिळते. एकीकडे लोकांनी टाकलेले घेऊ नका, दुसरीकडे लोकांनी टाकलेलेच पवित्र. मग आम्ही समजायचे काय?

हा प्रश्न पोथीतला नाही, पोटातला आहे. आपल्यातील पुष्कळ बहिणी आजही शहरांत कागद, काच, पत्रा वेचून संसार चालवतात. खेड्यातल्या आपल्या बाया सुगीनंतर शेतात सरवा वेचतात. बौद्ध झाल्यावर हे काम करावे की करू नये, आणि करणाऱ्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे, याचा उलगडा झाल्याशिवाय दीक्षा घरात उतरत नाही. म्हणून आजच्या पाठात हा विषय नीट समजून घेऊ.

१. पांसुकूल म्हणजे काय?

'पांसु' म्हणजे धूळ. धुळीच्या ढिगावर पडलेले, कोणाच्याही मालकीचे न राहिलेले कापड म्हणजे पांसुकूल. संघाच्या आरंभीच्या काळात भिक्खू असेच कापड वापरीत. उपसंपदा घेणाऱ्या भिक्खूला चार निश्रय, म्हणजे जगण्याचे चार आधार, सांगितले जात. भिक्षेत मिळालेले अन्न, पांसुकूल चीवर, झाडाखालचा निवारा आणि गोमूत्राचे साधे औषध, हे ते चार होत. याहून अधिक काही मिळाले तर तो जादा लाभ समजायचा.

कापड कोठून मिळे? स्मशानातून, रस्त्यावरून, बाजारात दुकानापुढे टाकलेल्या तुकड्यांतून, उकिरड्यावरून. उंदरांनी कुरतडलेले, वाळवीने खाल्लेले, आगीत होरपळलेले, गाईने चघळलेले कापडही त्यात असे. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात अशा कापडाचे तेवीस प्रकार मोजलेले आहेत. आणि भिक्खूने स्वेच्छेने घ्यावयाची जी तेरा धुतांग व्रते आहेत, त्यांत पहिलेच पांसुकूलाचे आहे.

पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. भिक्खू ती चिंधी जशीच्या तशी अंगावर घेत नसे. ती धुवायची, कुजका भाग कापून टाकायचा, चांगले तुकडे जोडून शिवायचे, आणि मग रंगवायचे. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ या सहा गोष्टींपासून केलेल्या रंगांना विनयाने परवानगी दिली आहे. चीवराची आखणीसुद्धा ठरलेली होती. दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील बांध घातलेली भातखाचरे पाहिली आणि तशा नमुन्याचे चीवर करता येईल का असे आनंदाला विचारले. आनंदाने ते करून दाखवले. आज आपल्या विहारात भन्तेजींच्या चीवरावर जे उभे-आडवे जोड दिसतात, ती मगधातल्या शेतकऱ्याची खाचरे आहेत. उकिरड्यावरची चिंधी आणि घाम गाळणाऱ्याचे शेत, या दोहोंपासून संघाचा गणवेश तयार झाला. राजाच्या आणि पुरोहिताच्या वस्त्रांपासून तो झालेला नाही.

वेचायला गेलेल्या भिक्खूंमध्ये वाटणीवरून कुरबुरी होत. काही जण स्मशानात शिरत, काही बाहेर थांबत, काही न थांबता पुढे निघून जात. वाटा कोणाला? भगवंतांनी नियम घालून दिला. जे थांबले त्यांना वाटा द्यावा, जे न थांबता निघून गेले त्यांना देण्याचे बंधन नाही, आणि आधी ठरवून सर्व मिळून गेले असतील तर मनात नसले तरी सर्वांनी वाटून घ्यावे. चिंध्यांच्या वाटणीसाठीही न्याय पाहिजे, असे मानणारा हा धम्म आहे.

२. आपल्या वाट्याला जे आले

आता दुसरी बाजू पाहू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाल आणि श्वपच यांच्यासाठी नियम दिले आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्यातला फोल माल आणि जुने सामान द्यावे असेही लिहिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती मनुस्मृती जाळली गेली, हे आपण जाणताच.

पुस्तकातला नियम गावगाड्यात रोज दिसत होता. येसकराने संध्याकाळी दारोदार उभे राहून भाकर मागायची. ती त्याच्या हाताला हात न लागेल अशी वरून टाकली जायची. मेलेले ढोर ओढणे हे महाराचे काम, आणि ढोराचे मांस ही त्याची 'मिळकत'. अनेक गावांत मढ्यावरचे कापडसुद्धा महाराचा हक्क म्हणून सांगितले जाई. आणि हक्क हा शब्द आपल्या माणसांनाही गोड लागे!

म्हणजे पाहा, कापड एकच आहे. स्मशानातले, प्रेतावरचे. ते भिक्खूने घेतले तर चीवर होते आणि महाराने घेतले तर त्याच्या अस्पृश्यतेचा पुरावा होतो. कापडात फरक नाही. मग फरक कशात आहे?

त्याच मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात याहून विलक्षण गोष्ट आहे. शेतात सांडलेले दाणे आणि कणसे वेचून जगणे, ज्याला संस्कृतात उंछ आणि शिल म्हणतात, ती ब्राह्मणाची सर्वांत शुद्ध उपजीविका असे तेथे सांगितले आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात असे दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मण कुटुंबाची थोरवी युधिष्ठिराच्या यज्ञापेक्षा मोठी ठरवली आहे. ठीक. पण आपल्या आजीने ज्वारी निघाल्यावर वाकून वाकून जी कणसे वेचली, त्या वेचण्याला कोणी तप म्हटले का? तिच्या वाट्याला 'महारीण सरव्याला आली' एवढेच शब्द आले. वेचणे तेच, दाणा तोच. फक्त वेचणाऱ्या हाताची जात निराळी. कामाची किंमत कामावरून न ठरवता जन्मावरून ठरवायची, हा त्या धर्माचा नियम आहे. आपण तो धर्म सोडला तो याच कारणासाठी.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असा उपदेश केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून स्वच्छ राहा असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण भाकरीच्या तुकड्याला बांधलेला माणूस मोकळा झाला पाहिजे हे त्यांना दिसत होते. ते वतन मुंबई राज्यात पुढे १९५८ च्या कायद्याने नष्ट झाले. मेलेली ढोरे ओढायचे सोडले म्हणून गावोगाव आपल्या लोकांवर बहिष्कार पडले, मारहाण झाली. आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून हा निर्णय पाळला, हे विसरू नका.

कातडे, शिंगे, मांस यांचे उत्पन्न बुडाल्याने महारांचे किती रुपयांचे नुकसान होते, असाही हिशेब काही शहाण्या लोकांनी मांडला होता. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता की, आमचा झगडा फायद्यासाठी नाही, इज्जतीसाठी आहे.

३. देवदत्ताची मागणी आणि जीवकाची विनंती

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. विनयपिटकात दोन प्रसंग आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे सर्व उलगडा होतो.

पहिला प्रसंग देवदत्ताचा. संघात फूट पाडण्यासाठी त्याने भगवंतांपुढे पाच मागण्या ठेवल्या. भिक्खूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, पांसुकूलच नेसावे, झाडाखालीच राहावे आणि मासे-मांस कधीही खाऊ नये. जो याविरुद्ध वागेल तो दोषी. वरवर पाहता या मागण्या वैराग्याच्या आहेत. पण भगवंतांनी त्या नाकारल्या. ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल घ्यावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थाने दिलेले वस्त्र घ्यावे, असे त्यांनी सांगितले. ज्या क्षणी चिंधी सक्तीची झाली त्या क्षणी ती धम्म राहिली नाही.

दुसरा प्रसंग वैद्य जीवकाचा. जीवक कोण होता? राजगृहातील सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने ते मूल जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. सकाळी राजकुमार अभय तेथून जात असता त्याला कावळ्यांचा घोळका दिसला. काय आहे ते, असे त्याने विचारले. मूल आहे, असे उत्तर आले. जिवंत आहे का, असे त्याने पुन्हा विचारले. जिवंत आहे, असे लोकांनी सांगितले. जिवंत म्हणून त्याचे नाव जीवक पडले. कचऱ्यात टाकलेले हे पोर तक्षशिलेला गेले, सात वर्षे वैद्यक शिकले. शिक्षणाच्या शेवटी गुरूने त्याला कुदळ देऊन सांगितले की, तक्षशिलेभोवती एक योजन हिंड आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो हिंडून रिकाम्या हाताने परतला. निरुपयोगी असे काही सापडले नाही, असे त्याने सांगितले. गुरू म्हणाले, तुझे शिक्षण पूर्ण झाले.

जो स्वतः उकिरड्यावर टाकला गेला होता, त्याला निरुपयोगी वनस्पती सापडली नाही, यात मोठा अर्थ आहे. टाकाऊ वस्तू आणि टाकाऊ माणूस असे काही निसर्गात नसते. टाकणारा असतो, म्हणून टाकाऊ ठरते.

याच जीवकाला अवंतीच्या प्रद्योत राजाने आजार बरा केल्याबद्दल एक अतिशय मौल्यवान वस्त्र दिले. ते घेऊन तो भगवंतांकडे आला आणि म्हणाला की, भगवान आणि संघ पांसुकूल नेसतात, तर हे वस्त्र आपण स्वीकारावे आणि संघालाही गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची अनुज्ञा द्यावी. भगवंतांनी ते वस्त्र स्वीकारले आणि अनुज्ञा दिली. पण पांसुकूल बंद केले नाही. ज्याला जे रुचेल त्याने ते घ्यावे, जे मिळेल त्यात संतोष मानावा, असे सांगितले.

पुढेही संघातील थोर भिक्खू पांसुकूलच वापरीत राहिले. महाकस्सपाने आपली मऊ संघाटी भगवंतांना दिली आणि भगवंतांच्या अंगावरची जुनी, जाडीभरडी तागाची पांसुकूले स्वतः घेतली. जन्मभर त्याला या देवाणघेवाणीचा अभिमान वाटत असे. पण चिंध्या नेसल्या म्हणून कोणी आपोआप थोर होत नाही, हेही भगवंतांनी बजावले आहे. पांसुकूल नेसणाऱ्यांचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. कोणी मूढपणाने नेसतो, कोणी मान मिळावा या लोभाने, कोणी वेडाच्या भरात, कोणी बुद्धांनी प्रशंसा केली आहे म्हणून, आणि कोणी गरजा कमी व्हाव्यात आणि संतोष वाढावा म्हणून. शेवटचा त्यांनी श्रेष्ठ ठरवला.

आणि सुनीत थेर आठवा. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांची दीक्षा आवर्जून सांगितली आहे. कोमेजलेली फुले आणि केरकचरा उचलणे हे सुनीताचे काम होते. भगवंतांनी त्याला भिक्खू करून घेतले. ज्याला जन्माने कचरा उचलावा लागत होता त्याला धम्माने त्यातून मोकळे केले. ज्यांच्या घरी धनधान्य होते असे कुलपुत्र मात्र आपणहून चिंध्या वेचायला निघाले. दोन्ही एकाच संघात एकाच चीवरात बसले. ही समता आहे.

म्हणून याच ग्रंथात बाबासाहेबांनी भगवंतांना दारिद्र्य आवडत नव्हते हे स्वतंत्र भागात मांडले आहे, तेही ध्यानात घ्या. कोणी तुम्हाला, 'तुमचे भिक्खू चिंध्या नेसत, मग तुम्ही गरिबीत समाधान माना' असे सांगू लागला, तर तो देवदत्ताची मागणी तुमच्यापुढे ठेवतो आहे असे समजा.

४. लादलेले, मागितलेले आणि वेचलेले

आता सोपा भेद सांगतो. तो घरात सर्वांनी पाठ करावा. टाकलेली वस्तू आपल्याकडे तीन वाटांनी येते.

जे जन्मामुळे आपल्या गळ्यात बांधले जाते ते लादलेले. मेलेले ढोर, मढ्यावरचे कापड, सणाच्या दुसऱ्या दिवशीचे शिळे. ते सोन्याचे असले तरी घ्यायचे नाही.

हात पसरून, मान खाली घालून जे मिळवावे लागते ते मागितलेले. तेही बाबासाहेबांनी सोडवले. भिक्खूची भिक्षा ही निराळी गोष्ट आहे. तो शब्दाने काही मागत नाही, घराची जात पाहत नाही, आणि बदल्यात धम्म देतो. गृहस्थाने मात्र कष्टावर जगावे.

आपल्या डोळ्यांनी शोधून, आपल्या हातांनी उचलून, स्वच्छ करून, मोल वाढवून जे आपण वापरतो किंवा विकतो ते वेचलेले. हे कष्ट आहेत. यात लाज नाही. भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. भंगार वेचणे त्यात नाही. ती सम्यक आजीविका होऊ शकते.

येथे दुसऱ्या शीलाचा विचार हवा. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही, असे आपण रोज म्हणतो. वेचलेली वस्तू कोणी हातात दिलेली नसते. मग शील मोडते का? विनयाने याचेही उत्तर दिले आहे. ही वस्तू टाकून दिलेली आहे, अशी प्रामाणिक समजूत ठेवून घेतले तर चोरीचा दोष नाही. सारा भर प्रामाणिकपणावर आहे. उकिरड्यावरचा पत्रा वेचणे निराळे आणि बांधकामावरची सळई उचलणे निराळे. पीक काढून झाल्यावर शेतकऱ्याला विचारून भुईमुगाचा सरवा वेचणे निराळे आणि उभ्या पिकाला हात लावणे निराळे. कचऱ्यात कधी दागिना किंवा पैशाचे पाकीट सापडते. ते कोणी जाणून टाकलेले नसते, म्हणून ते पांसुकूल नव्हे. ते मालकाला परत गेले पाहिजे.

५. आजचे वेचणारे हात

१९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कितीतरी कुटुंबे कचरा वेचण्याच्या कामात आली. पहाटे खांद्याला गोणी लावून निघायचे, कुंड्या धुंडाळायच्या, कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळे करायचे, आणि भंगारवाल्याकडे वजन करून विकायचे. त्या रद्दीचा लगदा होऊन पुन्हा पुठ्ठा होतो, काच वितळून पुन्हा बाटली होते, पत्रा भट्टीत जातो. शहराने जे फेकले ते पुन्हा कामाला लावणारी ही माणसे आहेत. तरी लोक त्यांना चोर समजत, पोलीस हटकत, कुत्री अंगावर येत, आणि वजनात काटा मारला जाई.

१९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने या लोकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतील बहुतेक दलित समाजातील. आम्ही भीक मागत नाही, चोरी करत नाही, आम्ही कामगार आहोत, ही त्यांची भूमिका होती. महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र त्यांनी मिळवले. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला, आणि कुंडीत हात घालण्याऐवजी घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे आणि त्याचे शुल्क घेणे सुरू झाले. २०१६ साली केंद्र सरकारने काढलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना या व्यवस्थेत सामील करून घेण्याची तरतूद आली.

स्मशानातल्या चिंध्यांची वाटणी ठरवून घेणारे भिक्खू आणि आपल्या श्रमाचा दर ठरवून घेणाऱ्या या बहिणी, यांच्यात मला नाते दिसते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा संदेश कुंडीपाशी उभे राहूनही पाळता येतो, हे त्यांनी दाखवले.

पण एक बोच उरते. मी शाळेत शिक्षक आहे. प्रवेशाचे अर्ज भरताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशी काही मुले अडखळतात. कोणी 'घरकाम' लिहिते, कोणी रकाना कोराच ठेवते. आईने वेचलेल्या रद्दीतून ज्याची फी, वही, चप्पल आली, त्याला आईचे काम लिहिताना लाज वाटते! ती लाज त्या मुलाची नाही. ती मनूने त्याच्या मनात ठेवलेली आहे. आपण मूर्ती पाण्यात सोडल्या, पण ही लाज अजून घरातच ठेवली आहे. इतकेच नव्हे, तर आपल्यातलीच नोकरी लागलेली काही माणसे त्या बहिणीशी सोयरीक नको म्हणतात. ज्याने उकिरड्यावरच्या मुलाला संघाचा वैद्य म्हणून मान दिला, त्याची आपण लेकरे. मग माणसाला त्याच्या गोणीवरून मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याचा अर्थ आपल्या मुलांनी हेच काम करत राहावे असा मुळीच नाही. जे काम आईने निवडले तेच लेकराला जन्माने लागले, की ते पुन्हा लादलेले झाले. आईच्या कामाचा मान राखायचा आणि लेकराने शिकून पुढे जायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

६. टाकून देण्यापूर्वी : आनंदाचे उत्तर

भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर आनंद कौशांबीला गेला होता. तेथे उदयन राजाच्या राण्यांनी त्याला पाचशे उत्तरासंग, म्हणजे वरून पांघरायची वस्त्रे, दान दिली. राजाला आश्चर्य वाटले. एवढ्या वस्त्रांचे हा काय करणार? कापडाचे दुकान घालणार काय? त्याने आनंदाला विचारले.

ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देईन, असे आनंदाने सांगितले. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पलंगपोसे करू. जुन्या पलंगपोसांचे काय? गादीच्या खोळी करू. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरणे. अंथरणे जुनी झाली की पायपुसणी. पायपुसणी जुनी झाली की धूळ झटकायची फडकी. आणि फडकी जुनी झाली की ती कुटून, चिखलात कालवून, त्याने जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

माझ्या भगिनींनो, ही गोष्ट तुम्हाला कोणी शिकवायला नको. लुगडे विरले की त्याचे धडपे, धडप्यांची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे. आपल्या आयांनी हे गरिबीने केले, आनंदाने विचाराने केले. आता आपली परिस्थिती थोडी सुधारली आहे, तर ते विचाराने करू या.

७. घरात पाळायच्या गोष्टी

एक. 'उरलेले' आणि 'उष्टे' यांत भेद करा. लग्नात, जयंतीला, पुण्यानुमोदनाच्या जेवणात पानात अन्न टाकू नका. पातेल्यात उरलेले, हात न लागलेले अन्न वेळेवर बाजूला काढा आणि भुकेल्याला बसवून, ताटात वाढून द्या. उष्टे कोणालाही देऊ नका. जे आपण घेत नाही ते आपल्यापेक्षा गरीब माणसाला द्यायचे, म्हणजे मनुस्मृतीचा तो नियम आपल्या हाताने पाळायचा.

दोन. कोणाला जुने कपडे द्यायचे असतील तर धुऊन, बटणे लावून, घडी घालून द्या. भिक्खूनेसुद्धा चिंधी धुतल्याशिवाय अंगावर घेतली नाही.

तीन. वर्ष संपले की मुलांची पाठ्यपुस्तके रद्दीत घालू नका. पाने डिंकाने चिकटवा, वरच्या पुठ्ठ्याला कागद लावा आणि विहारात आणून ठेवा. पुढच्या मुलाला ती जूनमध्ये मिळतील.

चार. घरचा ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. फुटकी काच, ब्लेड, सुया जाड कागदात गुंडाळून त्यावर खूण करा. वापरलेले सॅनिटरी पॅडही कागदात नीट बांधून द्या. त्या कचऱ्यात एका माणसाचा हात जाणार आहे, बहुधा आपल्याच एखाद्या बहिणीचा. आणि तिला 'कचरेवाली आली' असे म्हणू नका. ताई म्हणा, मावशी म्हणा, नावाने हाक मारा.

पाच. मुलांना वेचायला पाठवू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. मोठ्यांनीही हातमोजे आणि पायात बूट घातल्याशिवाय ढिगात उतरू नये. दवाखान्यातला कचरा आणि इंजेक्शनच्या सुया यांना हात लावू नये.

सहा. गावात जुन्या रिवाजाने कोणी 'तुमचा मान' म्हणून शिळेपाके किंवा मढ्यावरचे कापड घ्यायला बोलावले, तर शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत नकार द्या. भांडण करू नका आणि कारण सांगायला लाजूही नका. आम्ही बौद्ध आहोत, एवढे कारण पुरेसे आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

(१) देवदत्ताची पांसुकूलाची मागणी भगवंतांनी का नाकारली?
(२) लादलेले, मागितलेले आणि वेचलेले यांचे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या गावातून किंवा वस्तीतून सांगा.
(३) जीवकाला निरुपयोगी वनस्पती का सापडली नाही?
(४) आपल्या आई-वडिलांचे काम कोणते, ते एका वहीत पूर्ण वाक्यात लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा.

शेवटचा प्रश्न प्रत्येक मुलाकडून अवश्य सोडवून घ्यावा. तो वाचला जात असताना आईने समोर बसावे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!